मंडळाची स्मरणिका आणि मुक्त सॉफ्टवेअर

प्रश्न : आमच्या मंडळाची स्मरणिका मी घरीच जुळवते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाही. भाचा म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स आणि वर्डसारख्या कामाला लिब्रेऑफिस टाक, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, पैसे लागणार नाहीत. माझं काम भागेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, भागेल. पण आधी सांगा, गेल्या वर्षीची स्मरणिका कुठल्या फॉन्टमध्ये आहे? गिरगावात मी अठरा वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं काम केलं. लोक सॉफ्टवेअर बदलायला घाबरतात, पण अडकतात ते फॉन्टपाशी. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो एकदाच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा सर्वमान्य पद्धतीत, आणा. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होई, त्यामुळे बदलताना तो घसरतो आणि ‘कार्यकर्ते’चं ‘कायर्कतेर्’ होतं. देणगीदारांची नावं तर एकेक करून वाचा. आडनाव चुकलेलं माणूस वर्षभर विसरत नाही.

पुढे मात्र सुख आहे. आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे. प्रेसला द्या, पुढच्या सेक्रेटरीला द्या, कुणाची परवानगी नको. लिब्रेऑफिस मजकूर ज्या प्रकारात साठवतं, ती ओडीटी फाइलही तशीच. तिची रचना जाहीर असल्यामुळे ती एका कंपनीच्या मर्जीवर नाही. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पैसे वाचतात ते वेगळं.

अडचण प्रेसमध्ये येते. तिथे बहुतेक ‘कोरलची ओपन फाइल द्या’ म्हणतात, म्हणजे बदल करता येईल अशी, आणि कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही. म्हणून पीडीएफ चालेल का, हे आधीच ठरवून घ्या. रंगीत पानं स्क्रायबस या पानं जुळवायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लावा, ते सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांतली पीडीएफ देतं. पण १.६ किंवा त्यापुढचंच घ्या, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं फुटतात.

प्रिंटरचंही बघा. माझ्या एका प्रिंटरला लिनक्सचा ड्रायव्हरच, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअरच, नव्हता. छपाईच्या आदल्या रात्री कळलं. मदतीसाठी फोन करायला कुणी नाही, शेवटी पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे धावलो.

तेव्हा घाई नको. लिब्रेऑफिस आजच विंडोजवर टाका. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघा, कॉम्प्युटरमधलं काही पुसलं जात नाही. प्रिंटर आणि वायफाय चालले, की मग भाच्याला बोलवा. त्याआधी सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेर काढून ठेवा.