वाचकांचे प्रश्न : गाडी दोन इंच उचलताना

प्रश्न : माझ्याकडे जिम्नी आहे. केळीच्या बागेकडे जाणाऱ्या शिवरस्त्यावर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि गाडी पोटावर बसते. दोन इंची लिफ्ट किट (गाडी वर उचलणारं स्प्रिंग-शॉकअपचं सामान) टाकायचं ठरवलं आहे. ओळखीच्या फिटरने हे काम आधी केलेलं नाही. सामान काय लागेल आणि काम कुठे बिघडतं?
— एक वाचक, यावल

उत्तर : आधी एक करा. पुढच्या वेळी गाडी अडकली की खाली वाकून ती नेमकी कशावर टेकली आहे ते बघा. जिम्नीला पुढे-मागे अखंड हाऊसिंग आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आसाची एकसंध नळी. लिफ्टने चेसिस, बंपर, दाराखालचा पत्रा वर जातो. डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा मात्र चाकांच्या आसालाच बांधलेला असल्याने तसूभरही हलत नाही. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गोळ्याला घासत असेल, तर पन्नास मिलिमीटरची लिफ्ट टाकूनही गाडी त्याच जागी बसेल.

गोळा वर घेतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्माच. जिम्नीचा कंपनीचा १९५/८० आर १५ टायर सुमारे ६९३ मिमी व्यासाचा आहे. २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास सुमारे ७३३ होतो, म्हणजे गोळा २० मिमी वर. बदल्यात गिअर जवळपास सहा टक्के लांब होतात, स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३-६४ ने चाललेली असते, आणि पूर्ण वळणावर टायर चिखलपाखाला किंवा आतल्या आर्मला (हाऊसिंग चेसिसला जोडणाऱ्या दांड्याला) घासू शकतो. काळ्या मातीत रुंद खाचांचा मड टायर आणि १८-२० पीएसआय हवा एवढ्यावरच बरंच भागतं. फक्त अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरून घ्या.

घासतं ते चेसिस, बंपर किंवा दाराखालचा पत्राच असेल, तर लिफ्ट जरूर करा. सामान असं : चार स्प्रिंग, चार लांब शॉकअप, बंप स्टॉपखालचे (हाऊसिंग चेसिसवर आदळू न देणाऱ्या रबराखालचे) स्पेसर, कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) सुधारणारे ऑफसेट बुश, पुढे-मागे लांबी जुळवता येणारे पॅनहार्ड रॉड (हाऊसिंगला आडवं सरकू न देणारे दांडे), ब्रेकच्या लांब नळ्या किंवा त्यांचे ब्रॅकेट खाली घेणाऱ्या पट्ट्या, आणि पुढच्या अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लांब लिंक. नुसत्या चार स्प्रिंग विकणाऱ्याकडून घेऊ नका. जुना शॉकअप आखूडच राहतो, खड्ड्यात चाक लोंबकळलं की अख्ख्या हाऊसिंगचं वजन शॉकअपच्या दांड्यावर येतं आणि तो माउंटिंगमधून उपटतो. स्प्रिंग घेताना वजनाचाही विचार करा. लोखंडी बंपर नाही, विंच नाही, तरी जड भाराच्या स्प्रिंग घेतल्या तर गाडी ठरवल्यापेक्षा जास्त उचलते आणि बैलगाडीसारखी आपटते.

कामाच्या आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर गाडी नक्की किती उचलली यावरच नंतर वाद होतो. उरलेल्या चाकांना उटी (अडसर) लावा, चेसिसखाली स्टँड द्या आणि हाऊसिंगखाली दुसरा जॅक धरा. ब्रेकच्या नळीचं ब्रॅकेट, एबीएसच्या वायरची क्लिप, अँटी-रोल बारची लिंक, शॉकअपचा खालचा बोल्ट आणि पॅनहार्ड रॉडचं एक टोक सोडवून जॅक हळूहळू खाली घ्या. एकाने फक्त नळी, वायर आणि हाऊसिंगमधली हवा सोडणाऱ्या ब्रीदर पाइपावर नजर ठेवायची. स्प्रिंग हाताने निघते. वरचं रबर नवीन स्प्रिंगवर चढवा आणि स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत नीट बसवा. अर्धवट बसली तर पहिल्याच खड्ड्यात कटकट आवाज येतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. आर्म आणि पॅनहार्ड रॉडचे बुशवाले बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले जातात. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

उंची वाढली की पॅनहार्ड रॉड हाऊसिंगला एका बाजूला ओढतो. टायर ते चेसिस हे अंतर दोन्हीकडे मोजून रॉडची लांबी जुळवा. स्टीअरिंग वाकडं दिसेल, तेही दांड्यावरून सरळ करा, नाहीतर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून राहील. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येत नसेल, तर कॅस्टर कमी पडला आहे. शेवटी हेडलाइट खाली घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश नको. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, उंचीही मोजा. नवीन स्प्रिंग थोड्या बसतात.

प्रश्न : नव्या थारला पुढे फक्त लोखंडी स्पेसर टाकला. तोरणमाळच्या सातपायरी घाटात पूर्ण वळण घेताना पुढून टकटक येते.
— एक वाचक, शहादा

उत्तर : तुमच्या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली स्वतंत्र आर्म) आहे, अखंड हाऊसिंग नाही. स्प्रिंगच्या वर एक इंचाचा स्पेसर टाकला की आर्मच्या तरफेमुळे चाकापाशी उंची दोन इंचांच्या आसपास वाढते. म्हणजे 'दोन इंची' म्हणून दोन इंचांचा तुकडा बसवला असेल तर प्रमाण पार बिघडलं. चाक फिरवणारा हाफ शाफ्ट तिरका होतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवरच्या (वळतानाही ताकद पोचवणाऱ्या सांध्यावरच्या) रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस बाहेर आणि घाटातली धूळ आत. टकटक त्याचीच असण्याची शक्यता जास्त. बूट चिरला असेल तर जॉइंट धुऊन, ग्रीस भरून नवा बूट घाला. पण धुतल्यावरही टकटक राहिली तर जॉइंट गेला. स्पेसर पातळ करा, किंवा जास्त कोनाला चालणारे वरचे आर्म बसवा आणि कॅम्बर-टो (चाकांचे कोन) जुळवून घ्या. हे सगळं उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो.

प्रश्न : महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपला लांब शॅकल लावले तर?
— एक वाचक, साक्री

उत्तर : शॅकल, म्हणजे पाट्याचं (पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) टोक चेसिसला जोडणारी पट्टी, दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलते. पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्याने कॅस्टरही घटतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. पाट्याखाली पाचर देऊन तो परत मिळवावा लागतो. त्यापेक्षा जास्त कमानीचे पाटे बनवून घ्या. पाटे हाऊसिंगला बांधणारे यू-बोल्ट नवेच वापरा, जुने ताणलेले असतात. ते तिरपे-समोरासमोर आवळा आणि १०० किलोमीटरवर पुन्हा आवळा. ढिला राहिला तर पाट्याचा मधला बोल्ट तुटून हाऊसिंग सरकतं.

प्रश्न : आरटीओची अडचण येते का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. जुन्या स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात घालू नका, खुणा करून ठेवा. फिटनेसच्या वेळी परत बसवायला लागल्या तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.