भट्टीत चुन्याचा दगड फुटतो, मग पृथ्वीच्या पोटात कसा टिकतो?

तुमचा प्रश्न असा: भट्टीत ८००-९०० अंशांना चुनखडीचा कळीचा चुना होतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग त्याहून कितीतरी तापलेल्या प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरात, चुनखडीसारखी कार्बोनेट खनिजं (कार्बन आणि ऑक्सिजनच्या गटाला धातू जोडलेली) शिल्लक राहतातच कशी?

मी भूविज्ञान शिकवतो. वर्गात हे कोणी विचारलं की मी बंदुकीच्या नळीपासून सुरुवात करतो. १८०० सालाच्या आसपास स्कॉटलंडच्या जेम्स हॉलनं चुनखडीची पूड बंदुकीच्या नळीत ठासली, तोंड बंद केलं आणि नळी भट्टीत घातली. बऱ्याच नळ्या फुटल्या. ज्या टिकल्या, त्यांतून काही वेळा चुन्याऐवजी संगमरवरासारखा घट्ट दगड निघाला. (हॉलचे ज्येष्ठ स्नेही, भूवैज्ञानिक जेम्स हटन यांना असले भट्टीतले प्रयोग रुचत नसत, म्हणून ते हयात असेपर्यंत हॉलनं हे काम हातीच घेतलं नाही!) वायूला निसटायला वाटच नसेल तर विघटन अडतं. जमिनीखाली वरच्या खडकाचं ओझं हेच त्या नळीचं काम करतं. उष्णता फारच वाढली तर कार्बोनेट फुटण्याऐवजी वितळतं.

पण दाब नुसता झाकण नाही, तो आतली मांडणीही बदलतो. कॅल्साइटमध्ये, म्हणजे चुनखडीतल्या मुख्य खनिजात, एका कार्बनभोवती तीन ऑक्सिजन असतात, सपाट त्रिकोणात. दाब वाढला की हे त्रिकोण तसेच राहून जास्त दाटीनं बसतात आणि कॅल्साइटचा अ‍ॅरागोनाइट होतो, घनता २.७१ वरून २.९३. शिंपल्यांत सापडतो तोच हा. आणखी खाली मॅग्नेशियमवालं कार्बोनेट, म्हणजे मॅग्नेसाइट, बाजी मारतं. ते फार चिवट आहे.

हे पाहायचं कसं? दोन हिरे टोकाला टोक लावून आवळायचे, मध्ये केसाच्या जाडीएवढा नमुना, शेजारी माणकाचा कण. लेझरनं माणिक तांबडं चमकतं आणि दाब वाढेल तशी त्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते, तोच दाबमापक. दुसऱ्या लेझरनं, हिऱ्यातूनच, नमुना तापवायचा. अशा प्रयोगांत सुमारे ८० गिगापास्कलला, म्हणजे हवेच्या दाबाच्या आठ लाख पटींना, मॅग्नेसाइटचे त्रिकोण मोडतात. कार्बन चौथा ऑक्सिजन धरतो आणि चौफळी, चतुष्फलकी रचना तयार होते. वाळूतल्या सिलिकॉनभोवती असते तशी! हे साधारण १,८५० किलोमीटर खोलीवरचं. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते, कारण कार्बोनेट म्हटलं की त्रिकोण, असंच आपण पाठ केलेलं असतं.

एक मेख मात्र आहे. हिऱ्यांच्या मध्ये नमुना बहुधा एकटा असतो, प्रावरणात त्याला शेजारी असतात. साधारण २५० किलोमीटरखाली प्रावरणात थोडं धातुरूप लोखंड असतं, असं मानतात. ते कार्बोनेटमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि कार्बन हिरा किंवा लोखंडाचं कार्बाइड होऊन उरतो. म्हणजे खोलवर कार्बोनेटचा खरा वैरी दाबही नाही, उष्णताही नाही, लोखंड आहे. तरी समुद्रतळाच्या बुडणाऱ्या थंड पट्ट्यांबरोबर काही कार्बोनेट त्याच्या तावडीतून सुटून खाली जातं. खूप खोलवर तयार झालेल्या काही हिऱ्यांच्या पोटात कार्बोनेटचे बारीक कण अडकलेले सापडले आहेत.