वाचक विचारतात : एम्युलेटरमधली हार्ड डिस्क

प्रश्न : ८६बॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये ४८६ मशीन तयार केलं आणि २ जीबीची कोरी इमेज, म्हणजे हार्ड डिस्कचं काम करणारी फाइल, जोडली. सुरू होताना बायोस (मशीनच्या रॉममधला सुरुवातीचा प्रोग्रॅम) डिस्कचं नाव दाखवतो, पण डॉस ६.२२ च्या फ्लॉपीवरून बूट करून 'सी:' टाइप केलं की 'इनव्हॅलिड ड्राइव्ह स्पेसिफिकेशन' येतं. इमेज फाइल खराब असेल का? पहिल्यापासून क्रमाने सांगावं.

उत्तर : फाइल ठीक आहे. डिस्कवर अजून पार्टिशनच, म्हणजे डॉससाठी आखलेला भागच, नाही, त्यामुळे डॉसच्या लेखी सी ड्राइव्ह अस्तित्वात नाही. पण पार्टिशन पाडायच्या आधी ती २ जीबीची इमेज काढून लहान इमेज जोडा, नाहीतर पुढे जास्त मनस्ताप होईल.

डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी मोजतात. त्या काळचे बरेच बायोस १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पलीकडे जात नाहीत. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५०४ एमबी होतात. कारण साधं आहे. बायोसच्या डिस्क कॉलमध्ये सिलिंडरसाठी १० बिट आणि सेक्टरसाठी ६ बिट राखलेले आहेत, तर आयडीईमध्ये, म्हणजे डिस्क जोडायच्या पद्धतीत, हेडसाठी फक्त ४ बिट. दोन्हीकडची लहान मर्यादा लागू होते. मोठी डिस्क दिली तर काही बायोस ती मुकाट्याने स्वीकारतात. मग १०२४ च्या पुढचा सिलिंडर मागितला की मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि लिहिलेला डेटा थेट पार्टिशन टेबलावर पडतो. हे पहिल्या दिवशी कळत नाही, डिस्क बरीच भरल्यावर कळतं.

म्हणून नवी इमेज बनवताना १०२३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर द्या. साधारण ५०३ एमबी मिळतील आणि डॉसच्या जमान्यात ही जागा ऐसपैस होती. सेटिंगमध्ये आयडीई कंट्रोलर निवडलेला हवा, डिस्कचा बस 'आयडीई' आणि चॅनेल ०:०, म्हणजे प्रायमरी मास्टर. फाइलचा प्रकार 'रॉ इमेज' ठेवा. हे तीन आकडे कागदावर किंवा फाइलच्या नावातच लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक वळणावर ते लागतात.

आता मशीन सुरू करून डिलीट दाबा आणि बायोस सेटअपमध्ये जा. हार्ड डिस्क ऑटो डिटेक्टची सोय असेल तर ती वापरा आणि दिसणारे आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहा. सोय नसेल तर एएमआय बायोसमध्ये टाइप ४७ निवडून आकडे हाताने भरा. प्रीकम्पेन्सेशन आणि लँडिंग झोन शून्य ठेवले तरी आयडीईला फरक पडत नाही. सेव्ह करूनच बाहेर पडा.

डॉसच्या पहिल्या फ्लॉपीवरून बूट केलं की सेटअपचा निळा पडदा येतो. सेटअप पार्टिशनही पाडून देतो, पण काय चाललंय ते दिसावं म्हणून एफ३ दोनदा दाबून प्रॉम्प्टवर या आणि 'एफडिस्क' चालवा. १, मग पुन्हा १. सगळी जागा वापरून पार्टिशन ॲक्टिव्ह (बूट करण्याजोगं) करू का, असं तो विचारतो. 'वाय' दिलंत तर काम तिथेच संपलं. पण एकाच पार्टिशनमध्ये क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा किमान तुकडा, ८ केबीचा होतो, म्हणजे ३०० बाइटची बॅच फाइलसुद्धा ८ केबी अडवते. प्रत्येकी २५० एमबीच्या आसपास दोन पार्टिशन पाडली तर क्लस्टर ४ केबीवर येतो. बारीक फाइलींचे गेम भरपूर असतील तर आमचं मत दोन पार्टिशनच्या बाजूने. त्यासाठी 'एन' देऊन आकार भरा, एक्सटेंडेड पार्टिशन आणि त्यात लॉजिकल ड्राइव्ह बनवा आणि शेवटी मुख्य मेनूतला पर्याय २ वापरून पहिलं पार्टिशन ॲक्टिव्ह करा. ही शेवटची पायरीच बहुतेक जण विसरतात.

एफडिस्कनंतर रीबूट केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ड्राइव्हची अक्षरं डॉस फक्त बूट होताना वाटतो. परत फ्लॉपीवरून येऊन 'फॉरमॅट सी: /एस' द्या. 'सिस्टिम ट्रान्सफर्ड' दिसलं की फ्लॉपी काढून मशीन पुन्हा सुरू करा. 'स्टार्टिंग एमएस-डॉस' आलं की डिस्क लागली असं समजा, मग फ्लॉपी पुन्हा घालून सेटअप चालवा. डी ड्राइव्ह वेगळा फॉरमॅट करावा लागतो, तिथे '/एस' नको.

प्रश्न : फॉरमॅट विनाअडथळा झाला, तरी हार्ड डिस्कवरून बूट करताना 'नो रॉम बेसिक' येतं. माझ्या मित्राने हीच इमेज त्याच्या एम्युलेटरमध्ये लावली तर त्याला 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' दिसतं. दोघांत बरोबर कोण?

उत्तर : दोन्ही संदेश खरे आहेत, कारणं वेगळी. तुमच्याकडे पार्टिशन ॲक्टिव्ह केलेलं नाही. पहिल्या सेक्टरमधल्या कोडला बूट करण्याजोगं पार्टिशन सापडलं नाही की तो बायोसकडे हात वर करतो, आणि जुना एएमआय बायोस तेव्हा रॉममधलं बेसिक शोधायला जातो. फ्लॉपीवरून बूट करा, एफडिस्क, पर्याय २, झालं. डेटाला धक्का लागत नाही.

मित्राचा संदेश पाहता त्याने आपल्या प्रतीत पार्टिशन ॲक्टिव्ह केलेलं असणार, पण डिस्कचे आकडे वेगळे भरलेले असणार. पहिला सेक्टर कुठल्याही मोजणीत पहिलाच राहतो, म्हणून तो सापडतो. पार्टिशन मात्र सिलिंडर ०, हेड १, सेक्टर १ वर सुरू होतं असं टेबलात नोंदलेलं असतं. एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरले तर त्या जागेच्या आधी ६३ सेक्टर येतात, १७ धरले तर १७. मित्राचं मशीन भलत्याच सेक्टरवर जाऊन बूट सेक्टर शोधतंय. ६३ बरोबर आणि हेडचा आकडा चुकीचा असेल तर प्रकार आणखी फसवा असतो. बूट सुरू होतं आणि मध्येच लटकतं. अशा वेळी फॉरमॅट करू नका, एफडिस्कही नको. मूळ आकडे बायोसमध्ये भरले की सगळं जागेवर येतं.

'नॉन-सिस्टिम डिस्क' आलं तर आकडे ठीक आहेत, फक्त सिस्टिम फाइली नाहीत. फ्लॉपीवरून 'सिस सी:' पुरे.

प्रश्न : डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये फोल्डर माउंट करून (ड्राइव्ह म्हणून जोडून) सगळं चालतं. मग इमेज कशाला? आणि बनवलीच तर '-साइझ' पुढे काय लिहायचं?

उत्तर : गेम आणि विंडोज ३.१ साठी फोल्डर उत्तम. विंडोज ९५ ला मात्र खरा डॉस बूट व्हावा लागतो आणि तो फोल्डरवरून होत नाही. इमेज जोडणाऱ्या 'आयएमजीमाउंट' कमांडमध्ये '-साइझ' पुढचा क्रम उलटा आहे : सेक्टरचा आकार, सेक्टर, हेड, सिलिंडर. वरच्या डिस्कसाठी ५१२,६३,१६,१०२३. सवयीने सिलिंडर आधी लिहिला की ड्राइव्ह लागत नाही किंवा डिरेक्टरीत कचरा दिसतो. डिस्क कोरी असेल तर ड्राइव्हच्या अक्षराऐवजी क्रमांक २ आणि '-एफएस नन' द्या.

प्रश्न : आजच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली इमेजमध्ये कशा टाकायच्या?

उत्तर : आधी एम्युलेटर बंद. हा नियम मोडू नका. आतला डॉस स्वतःच्या मेमरीत फॅटचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदीचा, काही भाग धरून असतो, तुम्ही बाहेरून लिहिलेलं त्याला कळत नाही आणि पुढच्या सेव्हला तो जुनी नोंद वर लिहितो. आत स्मार्टड्राइव्ह हा डिस्क कॅश चालू असेल तर बंद करण्याआधी 'स्मार्टड्राइव्ह /सी' द्या.

लिनक्सवर 'माउंट'ला लूप आणि ऑफसेट ३२२५६ द्या, म्हणजे ६३ गुणिले ५१२. ट्रॅकवर १७ सेक्टरची डिस्क असेल तर ८७०४. विंडोजवर फिक्स्ड व्हीएचडी सोयीची : ती म्हणजे रॉ इमेजच, शेवटी ५१२ बाइटचं एक शेपूट जोडलेलं. विंडोज ७ पासून पुढे ती डिस्क मॅनेजमेंटमधून जोडता येते, फक्त फाइल एनटीएफएसच्या कॉम्प्रेशनमध्ये नको. नुसत्या फाइली बाहेर काढायच्या असतील तर ७-झिपसुद्धा इमेज उघडतं. आत टाकायच्या फाइलींची नावं मात्र ८ अधिक ३ अक्षरांत बसवा, नाहीतर डॉसमध्ये तिरप्या नागमोडी चिन्हाची तुटकी नावं दिसतील.

प्रश्न : एक्सटी या आयबीएमच्या जुन्या पीसीच्या बायोसमध्ये हार्ड डिस्कचा मेनूच सापडत नाही.

उत्तर : तो नसतोच. एक्सटीवर डिस्क ओळखायचं काम कंट्रोलर कार्डाच्या स्वतःच्या रॉमचं. एमएफएम, म्हणजे आयडीईच्या आधीच्या पद्धतीचा, कंट्रोलर घ्या आणि डिस्क ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टरची बनवा. हा सीगेट एसटी-२२५ चा आकार, साधारण २० एमबी. कंट्रोलरला ठरावीक आकारच कळतात, मनाने आकडे भरू नका. डॉस ३.३ चं पार्टिशन ३२ एमबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे इथे अडचण येत नाही, पण डॉस १ वापरत असाल तर हार्ड डिस्क विसरा, तो आधार डॉस २.० पासून आला. एवढ्या खटपटीत रस नसेल तर एक्सटी-आयडीई कार्ड निवडा, त्याचा रॉम आकडे स्वतः वाचतो.

प्रश्न : विन-यूएई या अमिगा कॉम्प्युटरच्या एम्युलेटरमध्ये हार्डफाइल (डिस्क इमेज) जोडली, पण पार्टिशन पाडणाऱ्या एचडीटूलबॉक्सला एकही ड्राइव्ह दिसत नाही.

उत्तर : एचडीटूलबॉक्स मुळात 'स्कझी.डिव्हाइस' शोधतो. त्याच्या आयकॉनच्या टूलटाइपमध्ये (आयकॉनमधल्या सेटिंगच्या ओळींत) 'स्कझी_डिव्हाइस_नेम' पुढे 'यूएईएचएफ.डिव्हाइस' लिहा, सेव्ह करा, पुन्हा उघडा. किकस्टार्ट (अमिगाच्या रॉममधली सिस्टिम) १.३ वापरत असाल तर आणखी एक : त्याच्या रॉममध्ये फास्ट फाइल सिस्टिम नाही, ती डिस्कच्या आरडीबीमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या नोंदींच्या भागात, घालावी लागते. किकस्टार्ट १.२ तर हार्ड डिस्कवरून थेट बूटच होत नाही, तिथे बूट फ्लॉपी ठेवावीच लागेल.