पोट फुगलेल्या गाईला गोडेतेल पाजावं का?

हिरवा लसूणघास खाऊन गाईचं पोट फुगलं तर गोडेतेल पाजतात, त्याने खरंच गुण येतो की नुसती समजूत, असं तुम्ही विचारलंय. गुण येतो. मात्र तेल पाजताना चुकलात तर त्याच तेलाने गाय दगावते.

उपाशी जनावराने कोवळा लसूणघास भराभर खाल्ला की कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, साबणासारखा बारीक फेस धरतो. वायू त्या बुडबुड्यांत अडकतो, ढेकर येत नाही, रवंथ थांबतो आणि डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, ढोलासारखी ताणते. तेलाने फेस फुटतो आणि ढेकर सुटतात. मोठ्या गाईला पाव ते अर्धा लिटर पुरतं, मेंढीला ५० ते १०० मिली. तोंडात काठी आडवी बांधायची जुनी रीतही चांगली. जनावर ती चघळत राहतं, लाळ सुटते, आणि लाळेनेही फेस कमी होतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. घाबरून मी गाईची मान वर ताणली, जीभ ओढून धरली आणि बाटली घशात रिकामी केली. पोट उतरलं, पण तेल फुप्फुसात गेलं होतं. न्यूमोनिया होऊन चौथ्या दिवशी गाय गेली. ते अजून मनातून जात नाही. म्हणून कळकळीने सांगतो, नाकपुडी डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका, जीभ मोकळी ठेवा, ओठाच्या कोपऱ्यातून घोट घोट पाजा. ठसका लागला की लगेच मान सोडा. बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला काहीच पाजू नका. रॉकेल तर कधीच नको, ते विषारी आहे.

अन्ननलिकेत बटाटा किंवा बीट अडकल्यानेही पोट फुगतं. तेव्हा लाळ सारखी गळत राहते. तिथे तेल चालत नाही, अडकलेलं डॉक्टरच काढतील.

भकाळीवर तापल्या सळईने डाग देणं मात्र निव्वळ छळ आहे. कातडी जळते, आतला फेस तसाच राहतो.

तेल काढतानाच डॉक्टरांना फोन लावा. जीभ बाहेर आली, गाय तोंडाने श्वास घेऊन झोकांड्या खायला लागली तर बाटली बाजूला ठेवा. डॉक्टर येईपर्यंत पुढचे पाय चढावर येतील असं तिला उभं धरा. तिथून पुढे तोंडातून पोटात नळी घालायची की भकाळीत ट्रोकार, म्हणजे वायू बाहेर काढायची टोकदार सुई-नळी, मारायचा, हे त्यांनाच ठरवू द्या.