मिक्सिंगसाठी ३ लाखांचं डीएसपी कार्ड, तेही लोन काढून? आत्ता नको

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीला राहता, अंधेरीत भाड्याच्या खोलीत मालिका आणि वेब सिरीजचं मिक्सिंग करता, भाडं जाऊन सरासरी ७० हजार सुटतात पण पेमेंट यायला दोन-तीन महिने लागतात, घरखर्च ४५ हजार, एफडीत ९० हजार. सेशन (मिक्सची कॉम्प्युटरवरची फाइल) मोठं झालं की सिस्टिम अडकते, म्हणून ३ लाखांचं पर्सनल लोन काढून डीएसपी कार्ड, म्हणजे आवाजावरच्या प्रक्रियेचं काम कॉम्प्युटरऐवजी स्वतःच्या चिपवर करणारं कार्ड, घ्यावं का.

आधी हप्ता बघा. १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला १०,२५० च्या आसपास, व्याजच जवळपास ६९ हजार. कागदावर तुमच्याकडे २५ हजार उरतात त्यामुळे जमेल असं वाटतं, पण ज्या महिन्यात एकही चेक येत नाही त्या महिन्यात हप्ता एफडीतून जाणार, आणि ती एफडी म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा घरखर्च. हे मला अजिबात पटत नाहीये.

आता कार्डाबद्दल, कारण माझा खरा आक्षेप तिथेच आहे. डीएसपी कार्डाचा मोठा फायदा रेकॉर्डिंगच्या वेळी होतो, गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इफेक्टसकट लगेच ऐकू यावा लागतो तेव्हा. तिथे बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) कमी ठेवावाच लागतो, ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) ६४ सॅम्पल म्हणजे १.३ मिलिसेकंद, तेवढ्यात प्रोसेसरने सगळं उरकायचं. मिक्सिंगमध्ये कोण लाइव्ह गातंय? बफर १०२४ करा, २१ मिलिसेकंद मिळतात, प्ले दाबल्यावर किंचित उशीर होईल, बाकी काही बिघडत नाही. तुम्ही मिक्स करतानाही ६४ वरच ठेवता असं लिहिलंय, आणि सेशन ९६ किलोहर्ट्झला, जेव्हा टीव्हीची डिलिव्हरी ४८ ला जाते. ९६ ला प्लगइनचं (आवाजावर इफेक्ट देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) काम साधारण दुप्पट होतं. पुढचं काम ४८ ला सुरू करा.

शिवाय कार्डावर त्या कार्डासाठी लिहिलेलेच प्लगइन चालतात. २०११ साली आलेल्या एचडीएक्स नावाच्या अशा कार्डावर १८ डीएसपी चिप आहेत, ताकद चांगलीच आहे, पण तुमचे बाकीचे प्लगइन कॉम्प्युटरच्याच प्रोसेसरवर चालणार, म्हणजे हप्ता सुरू आणि सेशन तरी अडकतंयच. अशीच कार्डं विकणाऱ्या युनिव्हर्सल ऑडिओसारख्या कंपनीनेही २०२२ पासून आपले बरेच प्लगइन कार्डाशिवाय चालतील असे काढलेत, त्यामुळे जुनं कार्ड विकायला काढलंत तर भाव काय येईल याचाही विचार करा.

सेशन अडकू नये म्हणून आधी हे करा. प्रत्येक डायलॉग ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब (आवाज खोलीत घुमल्याचा इफेक्ट) लावलाय तो काढा, एकच रिव्हर्ब ऑक्सवर (सामायिक ट्रॅकवर) ठेवून सगळ्या ट्रॅकचे सेंड (आवाजाची एक प्रत) तिकडे द्या, कारण रिव्हर्ब हा खूप खाणारा प्लगइन. फायनल झालेले ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे इफेक्टसकट तयार आवाज वाजतो आणि त्यांचे प्लगइन चालावे लागत नाहीत. आणि एकाच ट्रॅकवर दहा-बारा प्लगइन एकाखाली एक असतील तर ती अख्खी साखळी बहुतेक वेळा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (भागावर) पडते, बाकीचे कोअर रिकामे आणि तरी एरर. ती साखळी फोडा. यातल्या कशालाही रुपया लागत नाही.

एवढं करूनही अडलं तर कॉम्प्युटर बदला, कार्ड नाही. चांगल्या प्रोसेसरचा सगळ्याच प्लगइनना उपयोग होतो, आणि व्यवसायासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (करासाठी खर्च म्हणून वजावट) मिळतो (पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलात तर निम्मा), सीएला विचारून घ्या. कॉम्प्युटरसाठी दर महिन्याला १० हजार वेगळ्या खात्यात टाका, जो हप्ता भरायला तुम्ही तयारच होतात तोच, पण एखादा महिना कोरडा गेला तर थांबता येतं, बँकेला तसं सांगता येत नाही.

माझं मत कधी बदलेल? तुम्ही डबिंग किंवा गाण्यांचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खोलीत घ्यायला लागलात आणि त्यातून दरमहा हप्त्याच्या दुप्पट तरी पैसे नियमित यायला लागले तर. तोपर्यंत रेकॉर्डिंगचं काम आलं की तासावर स्टुडिओ घ्या आणि भाडं क्लायंटच्या बिलात लावा. नवीन कामाला निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स मागा, निदान छोट्या प्रॉडक्शनकडे तरी, कारण तुमची खरी अडचण तीन महिने अडकून पडणारं पेमेंट आहे, आणि त्यावर हप्त्याचं ओझं तर मुळीच नको.