वाचकांचे प्रश्न : बाटली कुणाच्या बागेतली?

प्रश्न : ताई, आमचे जावई फ्रान्सहून येताना कोत द्यू रोनची एक रेड वाईन घेऊन आले. तिकडे नऊ युरोला मिळाली म्हणाले, एका कुटुंबाची स्वतःची बाग आहे. इथे अशाच फ्रेंच बाटलीचे अडीच-तीन हजार पडतात असं मैत्रीण सांगते. मग आमची हलकी समजायची का? पुढच्या रविवारी व्याही जेवायला येणार आहेत. तेव्हा उघडू, की एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी जपून ठेवू?
— निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोड

बाई, हलकी मुळीच नाही. घरची बाग असलेल्या माणसाकडून थेट घेतली तर कोत द्यू रोनची, म्हणजे फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्यातली, चांगली बाटली तिकडे आठ-दहा युरोलाच मिळते. आपल्याकडे फ्रेंच वाईनवर आयात शुल्कच वर्षानुवर्षे १५० टक्के राहिलं आहे. त्यावर राज्याचे कर, आयातदार, वितरक, दुकानदार. बाटली तीच, वाटेत भाव फुगतो. जावयांनी प्रवाशाला मिळणाऱ्या दोन लिटरच्या सवलतीत आणली, म्हणून तुम्हाला ती तिच्या खऱ्या किमतीत मिळाली.

किमतीपेक्षा लेबल पाहा. वाईन बाटलीत कुठे भरली ते सांगणारी एक ओळ त्यावर बारीक अक्षरांत असते. ती ‘ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’ अशी संपत असेल, तर साधारणपणे द्राक्षं त्याच मालकाच्या बागेतली, वाईन तिथलीच आणि बाटलीही तिथेच भरलेली. त्या जागी नुसतं एखाद्या कंपनीचं नाव आणि गाव असेल, तर बहुधा व्यापाऱ्याने ठिकठिकाणची वाईन विकत घेऊन एकत्र केलेली असते. तीही चांगली असू शकते, पण ती कुणाच्या कष्टाची हे कळायला मार्ग नसतो. स्वस्तातली फ्रेंच रेड निवडताना मी हीच ओळ आधी शोधते. सोनेरी अक्षरं आणि वाड्याचं चित्र कुणालाही छापता येतं.

ही ओळ सहजासहजी आलेली नाही. दक्षिण फ्रान्समध्ये १९०७ साली द्राक्ष उत्पादक रस्त्यावर उतरले होते. साखर-पाणी घालून केलेली बनावट वाईन बाजारात आली होती आणि खऱ्या मालाचा भाव पार कोसळला होता. जून महिन्यात मोंपेलिए शहरात लाखो माणसं जमली, आणि त्याच वर्षी भेसळीविरुद्ध कायदा झाला. बोर्दो या फ्रान्समधल्या दुसऱ्या वाईन प्रदेशात तोवर बहुतेक बागाईतदार वाईन पिंपातून व्यापाऱ्याला देत आणि बाटल्या व्यापारी भरत. तिथल्या मूतों या बागेच्या फिलिप द रोथशिल्ड यांनी १९२४ मध्ये ठरवलं की आपली सगळी वाईन आपल्याच आवारात बाटलीबंद होईल. कोत द्यू रोन या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं १९३७ मध्ये.

मी दिंडोरी तालुक्यातली. आमची बाग वाईनच्या द्राक्षांची, करारावर. खरड छाटणी आम्ही करतो, ऑक्टोबरची छाटणी आम्ही करतो, डाऊनी या बुरशीच्या भीतीने पाऊस थांबला की रात्री बॅटरी घेऊन पानं उलटी करून आम्हीच बघतो. मग काढणीला क्रेट भरतात, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजतात, गाडी जाते आणि आमचं नाव तिथेच संपतं. म्हणून एखाद्या बाटलीवर बाग राखणाऱ्या घराचंच नाव दिसलं की मला त्या अनोळखी माणसांबद्दल फार आपुलकी वाटते. नाशिकच्या प्रत्येक बागाईतदाराला असं नाव लावता यावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या बाटलीत बहुधा ग्रनाश जातीचं द्राक्ष जास्त असेल, जोडीला सिरा जातीचं. रोनच्या दक्षिण भागात ग्रनाशच्या जुन्या वेली तारा-मांडवाशिवाय, झुडपासारख्या वाढवलेल्या असतात. मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा तिथे जोरात वाहतो. फांद्या मोडतात, पण पानं-घड चटकन सुकतात आणि बुरशी कमी लागते. आपल्याकडे नोव्हेंबरच्या अवकाळीत असा वारा सुटला तर काय हवं होतं! काढणी सप्टेंबरच्या आसपास, भरपूर उन्हात पिकलेली. म्हणून या वाईनमध्ये पिकल्या लाल फळांची चव, सिरामुळे मागून काळी मिरी, आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास.

आता रविवारचं. उघडाच. या किमतीची कोत द्यू रोन काढणीपासून चार-पाच वर्षांत प्यायची असते, लोखंडी कपाटात दहा वर्षं ठेवून ती सुधारत नाही. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला’ लिहितात ती खोली तिकडची, आपली मे महिन्यातली नव्हे. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग उघडा. सोबत काळ्या मसाल्याचं मटण चालेल, तिखट मात्र हात राखून. व्याही शाकाहारी असतील तर निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी. धुराचा वास आणि सिरा यांचं छान जमतं. झणझणीत रश्श्याबरोबर देऊ नका, अल्कोहोलमुळे तिखट आणखी जाळतं आणि वाईन कडवट लागते. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस ठीक राहते.

प्रश्न : रेड वाईनच्या तळाशी गाळ आणि काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले. टाकून देऊ का?
— एक वाचक, ओझर

टाकू नका. खडे हे द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, गार जागी ठेवलं की तळाशी बसतात. गाळ हा सालीतला रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य. दोन्ही निरुपद्रवी. बाटली काही तास उभी ठेवा, सावकाश ओता आणि शेवटचा बोटभर भाग सोडून द्या. वास व्हिनेगरसारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर मात्र ती बिघडली.

प्रश्न : फ्रेंच परवडत नाही. तशा चवीची नाशिकची कुठली घेऊ?
— एक वाचक, सिडको

शिराझ घ्या. सिरा आणि शिराझ हे एकच द्राक्ष, आणि आपल्या जिल्ह्यात ते चांगलं येतं. ग्रनाश इथे फारसं लावलेलं नाही, त्यामुळे हुबेहूब तीच चव मिळणार नाही, पण मिरीचा तो झणका मिळेल. लाकडी पिंपात फार न मुरवलेली मागा. लेबलवर काढणीचं वर्ष बघून अलीकडची निवडा, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली नको, आतल्या थंड कपाटातली काढून द्या म्हणून सांगा.