परीक्षेत कमी गुण मिळाले म्हणून छंदालाच व्यवसाय करावा का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तुम्हाला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण मिळाले आणि गणितात तुम्ही नापास झालात. लहानपणापासून तुम्ही चित्रे काढता आणि ओळखीचे लोक त्यांचे कौतुक करतात. तेव्हा आता पुढचे शिक्षण सोडून चित्रांवरच पोट भरावे का, आणि घरी हे कसे सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. मी पुस्तकबांधणीचे काम करते. हे काम आधी माझा छंद होता आणि गेली बारा वर्षे माझा चरितार्थ त्यावरच चालतो, म्हणून उत्तर द्यावेसे वाटले. चित्रकलेचा व्यवसाय करण्याचा विचार तुम्ही अवश्य करावा, पण त्याचे कारण हा निकाल असू नये, असे माझे मत आहे.

हे मी अनुभवाने सांगते आहे, कारण मी नेमके उलट केले होते. सतराव्या वर्षी माझा निकाल लागला तेव्हा गणिताचे गुण पाहून मला इतके अपमानित वाटले की त्याच आठवड्यात मी घरी जाहीर करून टाकले : यापुढे मी वह्या आणि पुस्तके बांधणार, बाकी काही शिकणार नाही. त्याआधी दोन वर्षे मी मैत्रिणींसाठी वह्या बांधत असे. प्रत्येक वही वेगळी असे आणि प्रत्येकीचे कौतुक होत असे. मला बांधणी आवडत होती यात शंका नाही, पण त्या आठवड्यात मी बांधणीची निवड करत नव्हते. ज्या जागी मला कमी लेखले गेले होते, तिथून मी निघून जात होते. या दोन गोष्टी मनात इतक्या सारख्या दिसतात की त्यांतला फरक कळायला मला बराच काळ लागला.

पहिले मोठे काम मिळाले ते चाळीस वह्यांचे, आणि त्या सगळ्या एकसारख्या हव्या होत्या. बाराव्या वहीपर्यंत माझा उत्साह संपला होता, तरी मी त्या पूर्ण केल्या. आठवडाभरात पुठ्ठे वाकले आणि पाने लहरी आल्यासारखी उंचसखल झाली. कारण साधे होते. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात. ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. त्यामुळे तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवावी लागते. मी कागद वाचवण्यासाठी तो आडवा कापला होता, आणि खळीतला ओलावा शोषून सगळी बांधणी वाकडी झाली. एक-एक वही करताना ही चूक माझ्या कधी लक्षातच आली नव्हती, कारण तेव्हा मी हाताला येईल तो कागद वापरत असे आणि वाकलेली वही घेणारी मैत्रीण काही बोलत नसे. चाळीसच्या चाळीस वह्या मी पुन्हा बांधल्या. त्या कामात मला काहीही मिळाले नाही.

दुसरी अडचण मला जास्त लागली, कारण ती थेट निकालपत्रातून उठून आली होती. दुमडलेल्या पानांचा एक गठ्ठा म्हणजे जुज. असे जुज एकमेकांना शिवले की प्रत्येक जुजाच्या घडीत दोऱ्याची थोडी थोडी जाडी साठत जाते आणि कण्याकडची बाजू उघडत्या बाजूपेक्षा जाड होते. कागद किती जाड, जुज किती, दोरा कोणता यांवरून ही वाढ आधी हिशोबात धरावी लागते, नाहीतर आवरण बसत नाही. मला प्रमाणाची उदाहरणे शाळेत जमत नव्हती आणि इथेही जमली नाहीत. गणितात मी कच्ची आहे असे निकालाने सांगितले होते, ते खरेच होते. मी त्या विषयापासून दूर गेले म्हणून तो कच्चेपणा नाहीसा झाला नाही. पुढे एका वयस्कर बांधणीकाराने मला प्रमाण आणि टक्केवारी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर शिकवली, तेव्हा तो कमी झाला.

म्हणून निकालाला किती मान द्यावा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तो पूर्ण खोटा असतो असे म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील, आणि त्यांच्या बाजूने काही पुरावाही आहे. १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजी विषयाच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला वेगवेगळ्या शिक्षकांनी दिलेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांचे अंतर पडले. निबंधवजा उत्तरे तपासताना असे अंतर पडू शकते, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्यावरून गुण म्हणजे निव्वळ नशीब असे ठरत नाही. निकालातली एकूण टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्येक विषयाचा आकडा वेगळा वाचा. तो विषय तुम्हाला समजतच नव्हता, समजत असून लिहायला वेळ पुरला नाही, की वर्षभर पुस्तक उघडलेच नव्हते? या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चित्रकार होणाऱ्या माणसालाही त्यांतला एखादा करावाच लागतो.

जॉन गर्डन यांचे उदाहरण अशा वेळी हमखास सांगितले जाते. १९४९ साली, शाळेत असताना, ते जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचे आले, शास्त्रज्ञ होण्याचा त्यांचा विचार हास्यास्पद असल्याचे शिक्षकांनी लिहिले, आणि २०१२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडते. पण शेवटून पहिल्या आलेल्या इतरांचे काय झाले हे ती सांगत नाही, त्यामुळे तिच्यावर निर्णय उभारू नये. एका वर्षीच्या निकालावरून पुढची साठ वर्षे कळत नाहीत, एवढाच बोध तिच्यातून घ्यावा.

मला तुमच्या प्रश्नासाठी शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे अधिक जवळचे वाटतात, आणि ते केवळ आधी माझ्याच धंद्यातले होते म्हणून नव्हे. लोहाराचा हा मुलगा फार थोडे शिकलेला होता. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीकाराकडे सात वर्षांसाठी उमेदवारीला राहिला आणि बांधायला येणारी पुस्तके वाचत गेला. विज्ञान हा त्याचा छंद होता. १८१२ मध्ये त्याला रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने त्यांची टिपणे सविस्तर लिहून काढली, त्यांत आकृत्या काढल्या, सुमारे तीनशे पानांचा तो ग्रंथ स्वतः बांधला आणि डेव्हींकडे पाठवला. लगेच जागा मिळाली नाही, तेव्हा त्याचे बांधणीचे काम चालूच राहिले. १८१३ च्या मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या डेव्हींच्या विज्ञानसंस्थेत साहाय्यकाची जागा रिकामी झाली आणि ती त्याला मिळाली. यात मला तीन गोष्टी दिसतात : त्याने आवड असल्याचे नुसते सांगितले नाही तर पूर्ण केलेले काम पुढे ठेवले, ते काम अशा माणसापुढे ठेवले ज्याला त्याची पारख होती, आणि उत्तर येईपर्यंत हातातला उद्योग सोडला नाही.

तुमच्या चित्रांचे कौतुक करणारे लोक तुमच्या ओळखीचे आहेत, असे तुम्हीच लिहिले आहे. कौतुक खरे असेल, पण त्यावरून व्यवसायाचा अंदाज बांधता येत नाही. व्यवसायात चित्र दुसऱ्याला हवे असते : त्याच्या विषयावर, त्याच्या मापात, त्याच्या तारखेला. म्हणून निर्णय घेण्याआधी सहा महिने एक कसोटी लावून पाहा. ज्यांच्याशी तुमची ओळख नाही अशा लोकांकडून दहा कामे मिळवा, मोबदला थोडा असला तरी चालेल. एखाद्या शिक्षकाला आकृत्या हव्या असतात, एखाद्या लेखकाला आतली चित्रे हवी असतात. प्रत्येक कामाला लागलेले सगळे तास एका वहीत लिहा. त्यात कच्चे आराखडे, निरोपांना दिलेली उत्तरे, साहित्य आणायला गेलेला वेळ आणि दुरुस्तीचे दोन फेरेही धरा. माझ्या आठवड्यात प्रत्यक्ष शिवणकाम आणि बांधणी जेमतेम अर्ध्या वेळेत होते. मोजमाप घेणे, कागद मागवणे, दर सांगणे, थकलेले पैसे मागणे यांत उरलेला वेळ जातो, आणि हा वेळ दरात धरला नाही तर माणूस दिवसभर राबूनही तोट्यात राहतो. मी पहिली तीन वर्षे फक्त पुठ्ठा, कापड आणि दोऱ्याची किंमत धरत होते. माझे श्रम मीच फुकट वाटत होते.

या सहा महिन्यांत आणखी एक गोष्ट स्वतःकडे बघून तपासा. दुरुस्ती सांगितल्यावर तुम्हाला कसे वाटते? चित्रातला तुमचा सर्वांत आवडता भाग ‘हा काढून टाका’ असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या दिवशी पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते का? वाटत असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी मोकळा आहे असे मी म्हणेन, मग निकालात काहीही असो. वाटत नसेल, तर छंद छंदच ठेवण्यात काही कमीपणा नाही, आणि मी हे समजूत घालण्यासाठी म्हणत नाही.

कारण मोबदल्याचा आवडीवर परिणाम होतो. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, स्केचपेनने चित्रे काढणे मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुले निवडली होती. काहींना आधीच सांगितले की चित्र काढले तर सजवलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिले, तर काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले तेव्हा ज्यांना बक्षिसाचे वचन मिळाले होते, ती मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होती. मुलांचा खेळ आणि मोठ्यांचा व्यवसाय एक नव्हे, तरी हा परिणाम मी माझ्या हातांत अनुभवला आहे. चौथ्या वर्षी मला नवी वही बांधण्याची इच्छाच होईना. तेव्हापासून दर महिन्याला एक वही मी विकत नाही, कोणाला दाखवतही नाही, आणि माझी कारागिरी त्या वहीतच पुढे सरकते. तुम्हीही एक चित्रवही अशी वेगळी ठेवा.

उत्पन्न नेहमी छंदाच्या मध्यभागातून येईल असेही धरू नका. विल्यम हर्शेल व्यवसायाने संगीतकार होते आणि दुर्बिणी घडवून आकाश पाहणे हा त्यांचा छंद होता. १७८१ साली त्यांनी युरेनसचा शोध लावला. इंग्लंडच्या राजाने त्यांना वर्षाला दोनशे पौंडांचे वेतन दिले तेव्हा त्यांनी संगीताचा व्यवसाय सोडला. पण ही रक्कम संगीताच्या कमाईपेक्षा कमी होती, आणि ती तूट ते दुर्बिणी बनवून विकून भरून काढत. माझेही तसेच आहे. नव्या वह्यांपेक्षा जुन्या पुस्तकांची दुरुस्ती आणि शिकवणी यांतून मला जास्त मिळते. चित्रकलेत शिकवणे, पाठ्यपुस्तकांसाठी आकृत्या, मांडणी अशी आसपासची कामे कोणती जमतात ते आताच पाहून ठेवा.

राहिला घरचा प्रश्न. मी निर्णय जाहीर केला आणि त्यावर वाद झाला. आईवडिलांना माझ्या आवडीची नव्हे, माझ्या उद्याची काळजी होती, आणि त्या काळजीला देण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. तुम्ही निर्णय सांगू नका, सहा महिन्यांची मुदत मागा, आणि मुदत संपल्यावर तासांची व कामांची ती वही त्यांच्यासमोर उघडा. त्यात दहाऐवजी तीनच कामे असली तरीही ती दाखवा. आणि नापास झालेल्या विषयाची फेरपरीक्षा देण्याची सोय असेल, तर आधी तिचा अर्ज भरा. त्या परीक्षेचा अभ्यास रोज दीड-दोन तास मागेल. दहा चित्रांसाठी त्यानंतरही पुरेसा दिवस उरतो, आणि पहिल्या ग्राहकाला दर सांगताना टक्केवारी तुम्हाला लागणारच आहे.